वसुलीला गेलेला मुलगा

दर महिन्याच्या सात तारखेला अण्णा माझ्या हातात पावतीबुक देऊन मला वाड्यात पिटाळायचे. वाड्यात सहा बिऱ्हाडं होती. भाडी पंधरा ते बावीस रुपये, आणि वाढवायची म्हटली तर कायदा आडवा. अण्णा स्वतः कधी जायचे नाहीत. "पोरीला बघून कुणी 'उद्या या' म्हणत नाही," असं त्यांचं गणित होतं, आणि ते बरोबर होतं.

मागच्या खोलीतल्या काकू दार अर्धंच उघडायच्या. आतून रॉकेलचा आणि ओल्या कपड्यांचा वास यायचा. पदराची गाठ सोडून त्या पैसे मोजायच्या, सगळे सुटे, आणि वर एक खोबऱ्याची वडी माझ्या तळहातावर ठेवायच्या. ती घ्यावी की न घ्यावी, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. घेतली तर आपण काहीतरी लबाडी करतोय असं वाटायचं, नको म्हटलं तर त्यांचा चेहरा उतरायचा. मी नऊ वर्षांची, त्या माझ्या आईपेक्षा मोठ्या. पण उंबऱ्याच्या अलीकडे उभी होते ती मालकांची मुलगी.

हे इतक्या वर्षांनी वर आलं ते जर्मन चित्रपट दिग्दर्शक राइनर वेर्नर फासबिंडरमुळे. पंधराव्या वर्षी हा मुलगा कोलोनला वडिलांकडे राहायला गेला. वडील डॉक्टर. आईशी त्यांचा घटस्फोट 1951 सालीच झालेला. या डॉक्टरसाहेबांनी काही कळकट घरं परदेशातून आलेल्या मजुरांना भाड्यानं दिली होती आणि त्या घरांच्या कामाला, भाडं गोळा करायला ते मुलाला जुंपायचे. त्याच्या चरित्रातला हा तपशील बहुतेक लोक एका वाक्यात उरकतात. मी मात्र तिथंच अडकले. आता त्याचा कुठलाही चित्रपट बघताना मला ते अर्धं उघडलेलं दार आधी दिसतं.

त्याचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते पुण्यात, मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकत असताना, नव्वदीच्या सुरुवातीला. तिथं त्याचा चित्रपट दाखवायच्या आदल्या दिवशी बाईंनी फळ्यावर चित्रपटाचं नाव लिहिलं: 'आंग्स्ट एसेन झेले आउफ'. मग विचारलं, यात चूक काय? आम्ही हुशार मुलांनी लगेच हात वर केले. 'एसेन' नको, 'इस्ट' हवं. क्रियापद चालवलेलंच नाही. बाई म्हणाल्या, बरोबर, ती चूक मुद्दाम ठेवली आहे. हे वाक्य एका मोरोक्कन कामगाराचं आहे. 'भीती जीव खाते' असं मी वहीत लिहिलं. पण ते फार शुद्ध झालं. बरीच वर्षं डोक्यात घोळवल्यावर एकदा आमच्या सोसायटीच्या नेपाळी वॉचमनदादांचं बोलणं ऐकताना उत्तर सापडलं: 'भीती जीव खातो.' लिंग चुकलं की आपण कसे गालातल्या गालात हसतो, ते हसू त्या शीर्षकात आहे. बघणारा आधी हसतो आणि मग त्याच हसण्यासकट पकडला जातो.

चित्रपट 1974 सालचा. पंधरा दिवसांच्या आसपास चित्रीकरण आटोपलं. गोष्ट म्हणाल तर चार ओळींची. एमी ही साठीची विधवा, म्युनिकमध्ये साफसफाईची कामं करणारी. पाऊस लागला म्हणून ती एका बारमध्ये शिरते, तिथं अरब कामगार बसलेले असतात. कुणीतरी चेष्टेनं त्यांतल्या अलीला म्हणतं, जा, म्हातारीबरोबर नाच. तो जातो, नाचतो, तिला घरी सोडायला येतो आणि राहतो. घरमालकाचा मुलगा दारात येऊन सांगतो की पोटभाडेकरू ठेवायला परवानगी नाही. एमीच्या तोंडून निघून जातं: आम्ही लग्न करणार आहोत.

इथं मी खुर्चीत सावरून बसले होते. घरमालकाचा मुलगा! आणि गंमत अशी, की संपूर्ण चित्रपटात तो एक बऱ्यापैकी सभ्य माणूस आहे. नंतर शेजारणी तक्रार घेऊन जातात, तर तो त्यांना दाद देत नाही. फासबिंडर स्वतःही या चित्रपटात आहे. त्याला ही भूमिका घेता आली असती, तशी ती त्याच्या आयुष्यातलीच होती. त्यानं स्वतःकडे घेतला तो एमीचा जावई: गंजीफ्रॉकवर पसरलेला, बायकोवर गुरकावणारा, परदेशी लोकांचं नाव काढलं की तोंड वाकडं करणारा माणूस. हे त्यानं नम्रतेनं केलं की ऐटीत, मला सांगता येणार नाही. पण चुकून केलं नाही एवढं नक्की.

एमी मुलांना घरी बोलावून नवरा दाखवते. कॅमेरा एकेका चेहऱ्यावरून सरकतो. कुणी बोलत नाही. मग एक मुलगा उठतो आणि लाथ घालून टीव्ही फोडतो. आईला मारता येत नाही म्हणून टीव्ही. वाणी अलीला मार्गारीन देत नाही, त्याचं बोलणं कळत नसल्याचं सोंग करतो. जिन्याच्या जाळीआडून शेजारणी बघत असतात. इथपर्यंतचा चित्रपट कुणीही चांगल्या मनाचा माणूस करू शकला असता.

फासबिंडर सुरू होतो तो मध्यानंतर. नवराबायको सुट्टीवर जाऊन परत येतात आणि सगळे अचानक गोड झालेले असतात. कुणाचं हृदयपरिवर्तन वगैरे झालेलं नाही. शेजारणीला एमीची तळघरातली जागा हवी आहे. मुलाला पोर सांभाळायला आई हवी आहे, म्हणून तो टीव्हीच्या पैशांचा चेकही देतो. वाण्याला गिऱ्हाईक टिकवायचंय, कारण मोठं दुकान त्याचा धंदा खातंय. माणसं सुधारली नाहीत, त्यांना गरज पडली. आणि बाहेरचा काच कमी झाल्यावर एमी स्वतः बदलते. मैत्रिणींना बोलावून अलीचे दंड चाचपायला देते. तो कुस्कुस मागतो तर म्हणते, आता जर्मन खायची सवय करा. कामाच्या ठिकाणी युगोस्लाव्हियातून एक नवी बाई आलेली असते, तिला सगळ्या मिळून वाळीत टाकतात, त्यात एमीही. ती नवी बाई जिन्यात एकटी डबा खाताना दिसते. कॅमेरा कठड्याच्या त्याच गजांमागे उभा असतो, जिथून आधी एकटी पडलेली एमी दिसली होती.

चित्रपटाच्या सुरुवातीला पडद्यावर एक ओळ येते: सुख नेहमी मजेचंच असतं असं नाही. मी ती तेव्हा वहीत उतरवली आणि खाली प्रश्नचिन्ह काढलं. वही अजून आहे.

त्याचा जन्म 31 मे 1945 चा, बव्हेरियातल्या बाड व्योरिसहोफेन गावात. जर्मनीनं शरणागती पत्करून जेमतेम तीन आठवडे झाले होते. आई भाषांतरकार. क्षयामुळे ती बराच काळ आरोग्यधामात असायची, आणि घरी असली तरी कामात व्यत्यय नको म्हणून मुलाला पैसे देऊन सिनेमाला पाठवायची. बर्लिनच्या नव्या फिल्म अकादमीनं त्याला प्रवेश नाकारला. (नाकारलेल्यांच्या याद्या जपून ठेवल्या पाहिजेत असं मला नेहमी वाटतं.) मग म्युनिकमध्ये ॲक्शन-थिएटर, ते बंद पडल्यावर 1968 मध्ये 'अँटी-थिएटर' नावाची मंडळी, आणि 1969 मध्ये पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. बर्लिनच्या महोत्सवात त्याची हुर्यो उडाली. त्याच वर्षी 'काट्सेलमाखर', नऊ दिवसांत. दक्षिणेकडून आलेल्या परक्यांना बव्हेरियात हासडायची ही शिवी. त्यात म्युनिकच्या एका कंपूत एक ग्रीक मजूर भाड्यानं राहायला येतो आणि रिकामटेकडी टोळी त्याला बदडते. ग्रीक मजूर कोण, तर स्वतः फासबिंडर. वसुलीला गेलेला मुलगा इथं दाराच्या आतल्या बाजूला जाऊन उभा राहिला, असं मला वाटतं. पुढं पाच वर्षांनी तो परत बाहेर आला आणि जावई झाला.

पहिल्या दोन वर्षांत दहाच्या वर चित्रपट. 1969 ते 1982 या तेरा वर्षांत टीव्हीसाठी केलेले धरून चाळिसाच्या आसपास, शिवाय मालिका, नाटकं, नभोनाट्यं. संकलक म्हणून श्रेयनामावलीत 'फ्रान्झ वाल्श' असं नाव येतं, तेही हेच महाशय. एवढं काम कसं व्हायचं याचं एक उत्तर कोकेन आहे. दुसरं उत्तर, माणसं. तीच तीच माणसं, चोवीस तास, एकत्र राहणारी, खाणारी, भांडणारी. एखाद्या फिरत्या नाटकमंडळीसारखं कुटुंब, ज्याचे मालकही हेच आणि नायकही हेच.

या कुटुंबाबद्दल वाचलं की अंगावर काटा येतो. इर्म हेर्मान ही साधी ऑफिसात टायपिंग करणारी मुलगी. त्यानं तिला नोकरी सोडायला लावली, नटी केली आणि मारलंही. ती पुढं मुलाखतींत हे उघड बोलली. 1972 च्या, पेट्रा फॉन कांट नावाच्या फॅशन डिझायनर बाईवरच्या चित्रपटात तो तिला एकही संवाद देत नाही. ती मार्लेने, मालकिणीची सेक्रेटरी-कम-मोलकरीण, टाइप करते, चित्रं काढते, कॉफी आणते, भिंतीला टेकून ऐकते. शेवटी मालकीण विरघळून तिच्याशी बरोबरीनं वागायला निघते, तर मार्लेने बॅग भरून निघून जाते. सगळा चित्रपट एका खोलीत, बायकाच बायका, भिंतभर एक जुनं उघड्या पुरुषाचं चित्र. दहा दिवसांत झालेला. आणि त्याची अर्पणपत्रिका अशी: 'जो इथं मार्लेने झाला त्याला'. 'जी' नाही, 'जो'. नाव नाही.

म्हणजे त्याला ठाऊक होतं. हेच मला पचत नाही. न कळता छळणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत, घरातही पाहिली आहेत. त्यांना आपण 'स्वभाव आहे' म्हणून सोडतो. हा माणूस स्वतःच्या छळाची रोजकीर्द लिहायचा. कुणाकडून किती घेतलं, कुणाचं किती देणं लागतो, कोण किती वाकलं, सगळं नोंदलेलं, प्रकाशयोजनेसकट. 1975 च्या एका चित्रपटात तो स्वतः फॉक्स नावाच्या साध्या मुलाची भूमिका करतो. त्याला लॉटरी लागते आणि त्याचा उच्चवर्गीय प्रियकर त्याला गोडगोड बोलत नागवा करून सोडतो. अर्पण: आर्मिनला आणि इतर सगळ्यांना. आर्मिन मायर हा खाटीककाम केलेला तरुण, त्या वेळचा त्याचा जोडीदार. प्रत्यक्षात पैसा, नाव, मित्रमंडळी सगळं फासबिंडरकडे होतं. फॉक्सची भूमिका पाहायला गेलं तर आर्मिनची होती. इथंही त्यानं दाराची बाजू बदलली, पण या वेळी तो बदल मला जरा सोयीचा वाटतो.

1977 चा शरद ऋतू पश्चिम जर्मनीला फार वाईट गेला: अतिडाव्या दहशतवादी गटानं केलेलं उद्योगपती श्लायर यांचं अपहरण आणि खून, मोगादिशूपर्यंत पळवून नेलेलं विमान, श्टामहाइमच्या तुरुंगात त्या गटातल्या कैद्यांचे मृत्यू. त्यावर अनेक दिग्दर्शकांनी मिळून एक चित्रपट केला. फासबिंडरचा भाग त्याच्या स्वतःच्या अंधाऱ्या घरात घडतो. तो नागडा फोनवर बोलतो, कोकेन ओढतो, ओकतो, आर्मिनवर खेकसतो, त्याला घराबाहेर काढतो. मध्येमध्ये स्वयंपाकघराच्या टेबलाशी आई. खरी आई, ती त्याच्या चित्रपटांत छोट्या भूमिकाही करायची. लोकशाहीवरून तो तिच्याशी वाद घालतो, कोपऱ्यात ढकलत नेतो, आणि शेवटी तिच्या तोंडून येतं की सगळ्यात बरा म्हणजे एखादा हुकूमशहासारखा राज्यकर्ता, पण चांगला, प्रेमळ, नीटनेटका. मी हा प्रसंग पहिल्यांदा पाहिला तेव्हा आईवर चिडले. आता पाहते तेव्हा त्या मुलाकडे बघते. लोकशाहीच्या बाजूनं तो ज्या आवाजात बोलतो, त्या आवाजात आमच्याकडे अण्णा बोलायचे.

पुढच्याच वर्षी, मे 1978 च्या अखेरीला, फासबिंडरच्या वाढदिवसाच्या सुमारास, आर्मिननं झोपेच्या गोळ्या घेऊन जीव संपवला. त्याच घरात. दोघांचं फाटलं होतं, फासबिंडर तिथं नव्हता. काही महिन्यांत त्यानं 'तेरा चंद्रांच्या वर्षात' हा चित्रपट केला. लेखन, दिग्दर्शन, कॅमेरासुद्धा स्वतः. त्यात एक कत्तलखाना आहे. गाई उलट्या टांगल्या जातात, कातडी सोलली जाते, रक्त फरशीवरून वाहतं, आणि त्यावर नायिका एल्विरा आपल्या आयुष्याची हकीकत सांगत राहते. मी तो अर्ध्यात सोडलाय, दोनदा. तिसऱ्यांदा लावला नाही.

आणि आता ते नाटक, ज्याच्यामुळे जर्मनीत त्याचं नाव आजही लोक दबकत घेतात. 'कचरा, शहर आणि मृत्यू', 1975. फ्रँकफर्टच्या वेस्टएंड भागात तेव्हा जुनी घरं पाडून टोलेजंग इमारती उठत होत्या, भाडेकरू हुसकले जात होते. नाटकात हे करणारा एक जमीनदलाल आहे आणि त्याला नावच नाही: 'श्रीमंत ज्यू'. प्रकाशकानं 1976 मध्ये पुस्तक मागं घेतलं. फासबिंडरच्या मृत्यूनंतर, 31 ऑक्टोबर 1985 ला फ्रँकफर्टमध्ये प्रयोग लागला, तेव्हा तिथल्या ज्यू समाजातली माणसं, इग्नाट्स बूबिससारखे नाझी छळातून वाचलेले लोक, रंगमंचावर जाऊन उभी राहिली. प्रयोग झाला नाही.

त्याच्या बाजूनं मांडलं जातं ते असं: शहर या माणसाला वापरून घेतं, युद्धानंतर ज्यूवर बोट ठेवायची कुणाची हिंमत नाही, म्हणून शहरवाले घाणेरडं काम त्याच्याकडून करून घेतात, नाटक त्या ढोंगावर आहे. मी ते वाचलं, आणि हा अर्थ त्यात आहेही. पण मी नाही त्याची बाजू घेऊ शकत. ज्या माणसानं अलीला चित्रपटात त्याचं पूर्ण, लांबलचक नाव उच्चारायला दिलं, बारमधल्या सगळ्यांनी ज्याला सोयीसाठी 'अली' केलं होतं त्याला, त्यानं या माणसाला नाव का देऊ नये? भाडं घेणाऱ्याला चेहरा लागत नाही, असं त्याला वाटलं असेल. तो स्वतः त्या बाजूनं आलेला. पण त्या शब्दापुढं चेहरा नसला की जर्मनीत काय होतं, हे 1945 साली जन्मलेल्या माणसाला कुणी वेगळं सांगायला नको होतं.

यशाची वर्षं मी भराभर सांगते, कारण ती सगळ्यांना माहीत असतात. 1979 साली 'मारिया ब्राउनचं लग्न', हान्ना शिगुलाला बर्लिनमध्ये अभिनयाचं पारितोषिक. मारिया युद्धानंतरच्या जर्मनीत सौदे करत करत वर चढते, आणि शेवटी तिला कळतं की तिच्या नवऱ्यानं आणि तिच्या मालकानं आपसात तिचाच सौदा केलेला होता. गॅस उघडा राहिलेला. रेडिओवर 1954 च्या फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना, जर्मनी जिंकते आहे, निवेदक बेंबीच्या देठापासून ओरडतो आहे, आणि घराचा स्फोट होतो. पुढं 1980 मध्ये 'बर्लिन अलेक्झांडरप्लाट्स', टीव्हीवर चौदा भाग, सुमारे पंधरा तास. काही दिसतच नाही, फार काळोख आहे, अशा प्रेक्षकांच्या तक्रारी. फेब्रुवारी 1982 मध्ये 'वेरोनिका फोस'ला बर्लिन महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक, सुवर्ण अस्वल. 10 जून 1982 ला म्युनिकमध्ये तो मेला. कोकेन आणि झोपेच्या गोळ्या. वय 37. शेजारी रोझा लक्झेंबर्गवरच्या पुढच्या चित्रपटाची टिपणं.

अलीचं काम करणारा एल हेदी बेन सालेम हा खराखुरा फासबिंडरचा जोडीदार होता. संबंध तुटल्यावर त्याची वाताहत झाली. हाणामारी, चाकू, फ्रान्समध्ये पळून जाणं, तुरुंग. 1977 मध्ये तो तिथंच तुरुंगात मेला. फासबिंडरला ही बातमी काही वर्षांनी कळली म्हणतात. बेन सालेमवर 2011 साली व्हायोला शफीक यांनी माहितीपट केला, त्याचं नाव 'माझं नाव अली नाही'. फासबिंडरचा शेवटचा चित्रपट 'केरेल', तो मेल्यावर प्रदर्शित झाला. त्याच्या अर्पणपत्रिकेत मात्र या मित्राचं नाव आहे, आणि अर्धं नाही: एल हेदी बेन सालेम म्बारेक मोहम्मद मुस्तफा.

मागच्या महिन्यात माळा आवरताना पावतीबुकं सापडली, दोरीनं बांधलेली. अण्णांचा दंडक होता, पावतीवर भाडेकरूचं नाव वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट पूर्ण लिहायचं. माझंच अक्षर, कार्बनच्या निळ्या शाईत, गोल गोल. पाच बिऱ्हाडांची नावं तशी आहेत. सहाव्या पावतीवर दर महिन्याला मी लिहिलंय, 'मागची खोली'. अण्णांनी ते कधी दुरुस्त करायला सांगितलेलं दिसत नाही.